उन्हाळ्यातली पहिली ट्रेल राइड: नवख्यांनी ग्रुपसोबत माळावर जाताना

एप्रिल-मे महिन्यात पुण्यातून मोटारसायकलवर ट्रेलला, म्हणजे डांबराबाहेरच्या कच्च्या वाटांवर, निघणाऱ्या ग्रुपमध्ये एक-दोन नवे चेहरे हमखास असतात. गाडी नवी, बूट नवे, उत्साह दांडगा. त्यांचे प्रश्न बहुतेक गाडीबद्दलचे: टायर कुठले घालू, हवा किती ठेवू, एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करू का. प्रश्न बरोबरच आहेत, उत्तरंही पुढे दिली आहेत. पण उन्हाळ्यात राइड गाडीमुळे क्वचितच बिघडते. सकाळी सातला ज्या वळणावर तुम्ही सहज गाडी फिरवता, त्याच वळणावर साडेदहाला ब्रेक उशिरा लागतो, नजर चाकासमोर येते आणि गाडी आडवी होते. वाट तीच असते, फरक अंगातल्या पाण्याचा आणि तापलेल्या डोक्याचा असतो. म्हणून या लेखात गाडीपेक्षा माणसाबद्दल जास्त लिहिलं आहे.

माझ्या डोळ्यांसमोर पुरंदर-बारामती बाजूचा माळ आहे. दिवे घाट चढून सासवड, तिथून जेजुरीच्या अंगाने पुढे गेलं की मुरमाड टेकाडं, कोरडे ओढे, शेतांमधल्या पाणंदी आणि मैलभर झाड नसलेली पठारं लागतात. हवा कोरडी, ऊन थेट. कोकणात जाणार असाल तर पारा कमी दिसेल, पण तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तिथे थांबे आणखी जवळजवळ घ्यावे लागतात.

आधी वेळ ठरवा, मग वाट

नवखे आधी नकाशा उघडतात. उन्हाळ्यात आधी घड्याळ बघा. एप्रिलअखेर पुण्यात सव्वासहाच्या आत सूर्य उगवतो. दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान असतं, पण माळावरचा मुरूम आणि कातळ दहापासूनच खालून भाजायला लागतात. त्यामुळे हिशेब सरळ आहे: उजाडताना डांबर सोडायचं आणि अकराला परत डांबरावर यायचं. या पाच तासांत जेवढी वाट होईल तेवढीच आपली.

परतीची वेळ किलोमीटरवर ठरवू नका. "साडेआठ वाजले की आहोत तिथून माघारी" असं आदल्या रात्रीच ठरवून टाका. "त्या टेकडीच्या पलीकडे एक झकास ओढा आहे" हे वाक्य सव्वाआठला कुणीतरी म्हणतंच, आणि त्या वेळी ठरलेली वेळ हेच एक उत्तर हाताशी असतं. ग्रुपमध्ये नवखे असतील तर डांबराबाहेरचे तीस-पस्तीस किलोमीटर भरपूर होतात. ऐकायला कमी वाटतं. करून बघा, मग बोलू.

हवामान खात्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी बघा. सपाट प्रदेशात पारा 40 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर गेला की उष्णतेची लाट धरतात. तसा इशारा असेल तर नवख्यांना घेऊन जाऊ नका. राइड पुढच्या रविवारी होईल.

आदल्या काही दिवसांत

अंगाला ऊन सवयीचं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. वर्षभर एसी ऑफिसात बसून एकदम मे महिन्याच्या माळावर उतरलात तर शेजारचा राइडर हसतखेळत असताना तुमची मात्र दमछाक होईल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दहा-बारा दिवस आधीपासून संध्याकाळी लवकर, ऊन असताना अर्धा-पाऊण तास चाला किंवा धावा. घाम लवकर यायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. हाच तो सराव.

आदल्या रात्री दारू नको आणि झोप पुरी हवी. दोन दिवसांत ताप, जुलाब झाले असतील तर राइड सोडाच. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या अंगाची उष्णता सोसण्याची ताकद कमी करतात. यातलं काही घेत असाल, किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा, हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा आणि ग्रुपच्या लीडरलाही सांगून ठेवा. लपवलेली गोळी माळावर फार महागात पडते.

सकाळी निघताना केळं, दशमी, थोडे पोहे एवढं पुरे. सासवडला थांबून तर्रीवाली मिसळ हाणायचा मोह होतो, पण भरलेलं पोट आणि उभ्याने चालवायची गाडी यांचं जमत नाही. मिसळ परतीच्या वाटेवर.

अंगावर काय

ऊन आहे म्हणून जॅकेट काढायचं नाही. हवा साधारण पस्तीस अंशांच्या वर गेली की अंगावर येणारा वारा त्वचेपेक्षा गरम असतो, म्हणजे उघड्या हातावर तो उष्णता आणून सोडतो आणि घाम भराभर उडवून नेतो. रोज दिवसभर उन्हात काम करणारी माणसं अंग झाकून का घेतात त्याचं कारण हेच. जाळीचं जॅकेट, त्यात कोपर-खांद्याचं संरक्षण, गुडघ्यांचे गार्ड, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, हातमोजे. बूट सोडून बाकी एखादी गोष्ट मित्राकडून उसनी चालेल. बूट मात्र मापाचे आणि भक्कम हवेत, कारण ट्रेलवर पाय गाडीखाली सापडणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि स्पोर्ट्स शूज घोटा वाचवत नाहीत.

आत पातळ, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. गळ्याभोवती सुती पंचा. हा पंचा प्रत्येक थांब्यावर ओला करून पुन्हा गुंडाळायचा. कोरड्या हवेत ओल्या पंचाइतकं गुणकारी आणि स्वस्त दुसरं काही नाही. टी-शर्टही पाण्याने भिजवून वर जाळीचं जॅकेट घातलं तर वीस-पंचवीस मिनिटं गारवा टिकतो.

हेल्मेट शक्य असेल तर पुढे झाप असलेलं आणि गॉगलवालं घ्या. रस्त्यावरच्या बंद हेल्मेटमध्ये सावकाश चढ चढताना श्वास कोंडतो. तेच असेल तर काच उघडी ठेवून खाली साधा संरक्षक चष्मा लावा. मुरमाचा खडा डोळ्यात जायला एक क्षण पुरतो.

पाणी

या भागावर सावकाश थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

उन्हात उभ्याने गाडी चालवताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, कधी त्याहून जास्त. सकाळी सहा ते अकराच्या राइडला माणशी किमान चार लिटर पाणी धरा: दोन लिटर पाठीवरच्या, नळीतून पाणी पिता येणाऱ्या पिशवीत, एक लिटरच्या बाटलीत ओआरएस, एक लिटर राखीव. शिवाय डोक्यावर ओतायला ग्रुपचं मिळून पाच लिटर वेगळं. "वाटेत गावात भरू" या भरवशावर निघू नका. पुरंदर-बारामतीच्या अनेक वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी येतं. मागितलं तर तिथल्या आजी हंड्यातलं गार पाणी तांब्याभर नक्की देतील. पण सात जणांनी सात बाटल्या पुढे करणं बरं नाही.

दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-सहा घोट, तहान लागो न लागो. एका तासात दीड लिटरच्या वर मात्र जाऊ नका. तास-दोन तास घाम काढत नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाणी पाजतो. म्हणून मीठ पोटात जायलाच हवं. औषधाच्या दुकानातली एक लिटरची ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. "स्ट्राँग" करायची म्हणून अर्ध्या लिटरमध्ये टाकू नका. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. खोक्यातल्या गोड फळपेयांना ओआरएस समजू नका, त्यात साखर फार आणि मीठ नावाला. बाकी मीठ घातलेलं ताक, लिंबू सरबत, खारे शेंगदाणे, चिक्की हे सगळं उत्तम.

पिशवीची एक खुबी सांगतो. आदल्या रात्री पिशवी अर्धी भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा. सकाळी वरून साधं पाणी घाला. बर्फ साडेनऊपर्यंत टिकतो. पण पाणी पिशवीत गार असलं तरी नळीत उरलेलं पाणी उन्हात कढत होतं आणि पहिला घोट तोंड भाजतो. त्यामुळे नवखे पिणंच टाळतात. पिऊन झालं की नळीत हलकी फुंकर मारा आणि नळीतलं पाणी पिशवीत परत ढकला. पुढचा घोट गार येतो. पिशवीत साखरेचं काही घालू नका, ते बाटलीत. पिशवीला बुरशी धरते आणि ती निघता निघत नाही.

लघवीचा रंग हा तुमचा मीटर. फिकट पिवळा ठीक. गडद झाला किंवा तीन तासांत जायची गरजच पडली नाही, तर तुम्ही मागे पडला आहात.

गाडी

पहिल्या राइडला हलकी गाडी बरी. हिरोच्या एक्सपल्ससारखी दीडशे किलोच्या पुढची गाडी नवखा दोन-चारदा उचलू शकतो. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनसारखी दोनशे किलोच्या आसपासची गाडी उन्हात दोनदा एकट्याने उचलली की हात थरथरायला लागतात. साइड बॅगा, टॉप बॉक्स घरी ठेवा.

चेन, ब्रेक पॅड, स्पोक, इंजिन ऑइल, कूलंट आदल्या दिवशी बघा. एअर फिल्टर साफ हवा, धुळीत तोच आधी घुसमटतो. डांबर सोडलं की टायरची हवा कमी करा. ट्यूबवाल्या टायरना पुढे वीस-बावीस, मागे बावीस-चोवीस पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) साधारण चालतं. याहून खाली गेलात तर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या चिमट्यात ट्यूब कापते. हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजा, उन्हात ती वाढते. मागचा एबीएस बंद करता येत असेल तर करा. पुढचा राहू द्या.

ग्रुपमध्ये मिळून इतकं हवं: पुढची-मागची ट्यूब, टायर लिव्हर, पंप, पंक्चर किट, क्लच-ब्रेकचे जादा लिव्हर, चेनची कडी, पाने, तार, झिप टाय, ओढायचा पट्टा आणि एम-सील (चीर बुजवायचं लुकण). दगड लागून इंजिनाच्या झाकणाला चीर गेली तर एम-सीलच घरी पोचवतं. मोबाइल हँडलवर उन्हात लावून ठेवला की तापून बंद पडतो आणि नकाशा गायब होतो. म्हणून वाट दोघांच्या फोनवर, इंटरनेटशिवाय उघडेल अशी उतरवून ठेवा. दुसरा फोन खिशात.

ग्रुप कसा बांधायचा

पाच ते सात गाड्या. त्याहून जास्त असतील तर दोन ग्रुप करा. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला लीडर, सगळ्यात मागे अनुभवी स्वीप, म्हणजे कुणी मागे सुटत नाही ना हे बघणारा. स्वीपकडे टूलकिट आणि प्रथमोपचार. नवखे लीडरच्या लगेच मागे, शेपटाला नव्हे. मागचा माणूस पुढच्यांना गाठायला नेहमी थोडा जास्त पळतो आणि सगळ्यांची धूळ खातो. नवख्याला तिथे ठेवणं म्हणजे त्याला मुद्दाम दमवणं.

फाट्यांसाठी जुनी पद्धत वापरा. वाट फुटते तिथे लीडरच्या मागचा दुसरा राइडर थांबतो आणि मागून येणाऱ्यांना हाताने दिशा दाखवतो. स्वीप आला की तो स्वीपच्या पुढे लागतो. नियम एकच: स्वीप दिसल्याशिवाय फाटा सोडायचा नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कुणी येत नाही, तरी नाही. तुम्ही हललात की मागचा माणूस चुकीच्या खिंडीत उतरतो आणि मग भर उन्हात शोधाशोध. उभं राहायचं ते मात्र बाभळीच्या का होईना, सावलीत.

अंतर धुळीवर ठरवा. पुढच्याची धूळ खाली बसलेली दिसली पाहिजे. वारा आडवा असेल तर अंतर कमी चालतं, पाठीवरून असेल तर दुप्पट लागतं. धुळीत शिरून ओव्हरटेक करायचं नाही, कधीच नाही.

आणि प्रत्येक नवख्याला एक जोडीदार द्या. त्याचं काम पुढे येतंय.

वाटेवर

खडबडीत जागी फूटपेगवर उभे राहा. पायाच्या चवड्यांवर भार, गुडघ्यांनी टाकी हलकी धरलेली, कोपरं बाहेर, हात सैल. हँडल घट्ट आवळलं की पंधरा मिनिटांत मनगटं भरून येतात. नजर पंधरा-वीस मीटर पुढे. दगडाकडे बघत राहिलात तर चाक दगडावरच जाईल. सपाट पाणंद लागली की बसून घ्या, पाय वाचवा.

मुरूम पायाखाली ज्वारीचे दाणे पसरल्यासारखा सरकतो. त्यावर पुढचा ब्रेक एका बोटाने, हळू, आणि चाक सरळ असतानाच. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नको. कोरड्या ओढ्यातली वाळू आली की वजन थोडं मागे, थ्रॉटल एकसारखा. हँडल जरा हेलकावे खाईल, खाऊ द्या.

चढ लागला की खालूनच गियर आणि वेग ठरवा, मध्ये बदलू नका. पुढची गाडी वर पोचल्याशिवाय दुसऱ्याने चढ धरायचा नाही. तरीही गाडी मध्ये बंद पडतेच, आणि बहुतेक नवखे इथेच घाबरतात. अशा वेळी फक्त पुढचा ब्रेक दाबून गाडी थांबत नाही, वजन मागच्या चाकावर असतं आणि पुढचं चाक लॉक होऊन घसरत खाली येतं. काय करायचं ते नीट वाचा. क्लच सोडून द्या, इंजिन बंद, गाडी गियरमध्येच राहू द्या. आता मागचं चाक धरलं गेलं. श्वास घ्या, घाई कसलीच नाही. गाडी चढाच्या बाजूला कलती ठेवा, उताराच्या बाजूला कधीच नाही. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा आणि क्लच जरासा दाबून गाडी वीतभर मागे येऊ द्या, क्लच सोडा, थांबली. पुन्हा वीतभर. असं करत गाडी चढाला आडवी झाली की तोंड उताराकडे वळवा आणि गियरमध्येच, क्लचने धरत, खाली या. पहिल्यांदा हे करताना खाली एक माणूस उभा हवा, पण गाडीच्या रेषेत नाही. सकाळी गार हवेत लहानशा चढावर लीडरने हे सगळ्यांकडून एकदा करून घ्यावं.

हळू चढात अर्धा क्लच धरून इंजिन घुमवत राहिलं की क्लच जळका वास सोडतो आणि लिव्हरची ढिलाई बदलते. वास आला की वर पोचून दहा-पंधरा मिनिटं थांबा. एअर-कूल्ड इंजिनाला वारा लागतो, त्याला वाऱ्याकडे तोंड करून उभं करा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका, रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडू नका. लांब उतारावर मागच्या ब्रेकवर पाय ठेवून आलात तर ब्रेक ऑइल उकळून पेडल मऊ लागतं. उतार पहिल्या-दुसऱ्या गियरवर उतरायचा.

गाडी पडली तर

आधी माणूस, मग गाडी. किल स्विचने इंजिन बंद करा. पडल्या पडल्या लाजेपोटी झटक्यात गाडी उचलायला धावणं ही नवख्यांची सवय, आणि उन्हात माणूस जो थकतो तो चालवून कमी, गाड्या उचलून जास्त. नियम करा: मिनिटभर बसायचं, दोन घोट प्यायचे, मग दोघांनी मिळून उचलायची. सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघून हात घाला, तो चटका दिसत नाही. एकट्यावर वेळ आलीच तर गाडी गियरमध्ये, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी उघडा, सीटला पाठ टेका, एक हात हँडलच्या खालच्या टोकाला, दुसरा मागच्या पकडीला, आणि पाठीने न ओढता पायांनी रेटत मागे पावलं टाका.

एकाच माणसाची गाडी तिसऱ्यांदा पडली की वाट अवघड आहे असं समजू नका, माणूस दमला आहे असं समजा. लांबचा थांबा घ्या आणि पुढची वाट सोपी करा.

थांबे

पाऊण तासाच्या आत एक थांबा, सावलीत. नकाशावर चिंच, वड, कडुनिंब, एखाद्या म्हसोबाच्या देवळाची ओसरी अशा जागा आधीच हेरून ठेवा. थांबलात की हेल्मेट, हातमोजे, जॅकेट सगळं उतरवा. पाच मिनिटांसाठी कशाला, असं म्हणू नका, डोक्याची उष्णता तिथेच कोंडलेली असते.

आता बहुतेक ग्रुपमध्ये काय होतं बघा. पुढचे चौघे येतात, दहा मिनिटं बसतात, गप्पा होतात. शेवटचा माणूस लाल तोंडाने येतो, स्टँड लावतो, आणि लीडर म्हणतो, "चला, आले सगळे." सगळ्यात दमलेल्या माणसाला विश्रांती शून्य. थांब्याचं घड्याळ शेवटच्या माणसाने हेल्मेट काढल्यावर सुरू झालं पाहिजे. माझ्या मते लीडरची पारख करायला ही एकच गोष्ट पुरते.

इथे जोडीदाराचं काम. "बरा आहेस ना?" असं विचारू नका, उत्तर "हो" हेच येतं. डोकं चालवावं लागेल असं विचारा: आधीचा थांबा कुठे घेतला होता? पिशवीत किती पाणी उरलंय? परतीची वेळ किती ठरलीय? उत्तर अडखळत आलं, चिडून आलं, किंवा एरवी बडबड्या माणूस गप्प बसला असेल, तर पुढची वाट तिथेच संपली. जवळचं डांबर शोधा.

ऊन लागलं तर

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, अंग घामाने चिंब पण भान पक्कं: हा उष्णतेचा थकवा. सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, बूट-जॅकेट काढा, अंग ओलं करून वारा घाला, घोटघोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी त्याने गाडी चालवायची नाही.

बोलणं असंबद्ध, तोल जातोय, ओळख पटत नाही, झटके किंवा शुद्ध हरपली: हा उष्माघात. अंगाचं तापमान 40 अंशांच्या पुढे गेलेलं असतं आणि मिनिटागणिक मेंदू, मूत्रपिंड यांना इजा होत असते. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं धरू नका, कष्टाने आलेल्या उष्माघातात घाम सुरू असू शकतो. एकाने 108 ला फोन करायचा, नेटवर्क नसेल तर जवळच्या टेकाडावर जाऊन. बाकीच्यांनी त्याच क्षणी अंग थंड करायला लागायचं: कपडे सैल, सगळं राखीव पाणी अंगावर, पंचे-टी-शर्ट हलवून जोरात वारा, मान, काखा, जांघा इथे पाण्याच्या पिशवीतला उरलेला बर्फ. जवळ शेततळं, हौद, विहिरीचा पंप असेल तर त्या पाण्याचा वापर करा, मात्र डोकं पाण्याबाहेर धरून. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

वाट निवडतानाच सासवड, जेजुरी, बारामतीपैकी कुठलं रुग्णालय जवळ पडतं आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकेल ते बघून ठेवा. राइडची वाट आणि परतीची वेळ घरच्या एका माणसाकडे असू द्या.

माळ ओसाड नसतो

उन्हाळ्यात पिवळा पडलेला माळ मोकळा पडल्यासारखा वाटतो, पण तिथे लांडगे, खोकड, चिंकारा राहतात, आणि टिटवी, माळटिटवी, धाविक हे पक्षी याच दिवसांत उघड्या मुरमावर अंडी घालतात. अंडी खड्यांसारखीच दिसतात, गाडीवरून दिसणं अशक्य. म्हणून मळलेली वाट सोडून गवतात गाडी घालू नका. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली की आहात त्याच चाकोरीतून पुढे निघून जा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आणि वनविभागाच्या हद्दी आपल्यासाठी नाहीत. कुठली जमीन कुणाची हे ग्रामपंचायतीत किंवा वनरक्षकाला विचारलं की कळतं.

वाळल्या गवतावर तापलेली गाडी उभी करू नका, सिगारेट तर नकोच. वणवा पेटायला तेवढं पुरतं आणि त्यात कुणाच्या तरी गुरांचा वर्षाचा चारा जातो. वस्तीजवळ पहिल्या गियरमध्ये, धूळ न उडवता. अंगणात कुरडया-पापड वाळत घातलेले असतात. मेंढरं समोर आली तर इंजिन बंद करून बाजूला उभे राहा, मेंढपाळ हात करेपर्यंत. उघडलेलं फाटक मागे लावून घ्या.

परत

डांबर लागलं की हवा भरा. मऊ टायरवर दिवे घाटातली वळणं घेणं धोक्याचं आहे. निघण्याआधी अर्धा तास सावलीत बसा, ताक प्या, आता मिसळही खा. पण पोटभर जेवून दुपारी हायवेवर डुलकी येते, तेव्हा जोडीने चला आणि झोप आली तर थांबा. घरी संध्याकाळपर्यंत थोडं थोडं पाणी आणि मीठ सुरू ठेवा. दुसऱ्या दिवशीही लघवी चहासारखी गडद असेल किंवा अंग विलक्षण दुखत असेल तर डॉक्टरकडे जा, अंगदुखी म्हणून सोडून देऊ नका.

एअर फिल्टर त्याच दिवशी काढून झटका, चेनवरची माती पुसून तेल द्या, पायाच्या लिव्हरांचे आणि हँडलचे बोल्ट तपासा. पाण्याची पिशवी धुऊन, आत वाटी नाहीतर चमचा आडवा ठेवून तिची तोंडं उघडी राहतील अशी सावलीत टांगा. नळी वेगळी काढून झटका, ओल तिच्यातच राहते.